अकरा वाजताची खास फेरी

४ मार्च, सोमवार

सकाळी ९१. जिना चढून आल्यावर ८४.

डॉक्टरीणबाईंनी हिच्या ऑक्सिजनचे आकडे रोज लिहायला सांगितलेत, म्हणून ही वही. चौतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं आखली, त्यामुळे आकडे लिहायचा मला कंटाळा नाही. बाकीचं लिहायला कोणी सांगितलेलं नाही, पण पानावर जागा उरते आणि रिकामी जागा मला बघवत नाही.

आज जेवताना ही म्हणाली, "अहो, त्या मोठ्या थीम पार्कमध्ये जाऊ या का एकदा?"

घास माझ्या हातातच राहिला. हिची फुप्फुसं दोन वर्षं झाली कडक होत चालली आहेत. नाकात नळी, नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं यंत्र. यंत्राला आम्ही पेटी म्हणतो. पेटीशिवाय ही न्हाणीघरापर्यंतही जाऊ शकत नाही.

"गुडघे धरून बसायच्या वयात तुला पाळण्यात बसायचंय?"

"पाळण्यात नाही हो. बोटीत. ती बोगद्यातली."

मला आठवली ती बोट. लेक आठ वर्षांची असताना गेलो होतो. मी नेहमीप्रमाणे बाहेर बाकावर पिशव्या सांभाळत बसलो आणि या दोघी जाऊन आल्या. लेक रडत बाहेर आली, ही हसत. "आत इतका अंधार, की शेजारचा माणूस दिसत नाही. तुम्ही यायला हवं होतं," म्हणाली होती. मी गेलो असतो तर पिशव्या कोणी बघितल्या असत्या?

"डॉक्टरांना विचारू," म्हणालो. नाही म्हणायची ही माझी जुनी पद्धत. हिलाही ती ठाऊक आहे. ही ताट उचलायला उठली आणि अर्ध्यात बसली.

७ मार्च, गुरुवार

सकाळी ९०. दवाखान्यात ८६.

डॉक्टरीणबाई नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्या छातीचे फोटो बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "जा की. पण लवकर जा."

गर्दीचा हंगाम सुरू व्हायच्या आत, असं त्यांना म्हणायचं असावं. पुढच्या महिन्यात शाळांना सुट्ट्या लागतात. बाई व्यवहारी आहेत.

बाहेर यायच्या लांब बोळात हिला धाप लागली. भिंतीला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी लगेच पाण्याची बाटली दिली. तिने बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोन घोट प्यायली. तहान नव्हतीच बहुतेक, घोट अगदी लहान होते.

लिहायला बसलोच आहे तर लिहून टाकतो. हातात हात वगैरे प्रकार आमच्यात नाहीत. लग्न होऊन महिना झाला असेल, हिने भर बाजारात चालता चालता माझा हात धरला. नेमके समोरून डेपोतले दोन ड्रायव्हर. एकाने शिट्टी मारली. मी हात असा काही झटकला की हिच्या दुसऱ्या हातातली पिशवी रस्त्यावर पडली. पुढे सहा महिने डेपोत मला 'हातगाडी' म्हणत होते. तेव्हापासून हिने कधी तसं केलं नाही. समजूतदार आहे, एकदा सांगितलेलं हिला पुरतं.

११ मार्च, सोमवार

सकाळी ९०. दुपारी झोपून उठल्यावर ८८.

दोन दिवस खपून योजना तयार केली. बुधवार २० तारीख. शनिवार-रविवार नको, सोमवारी सुट्टी जोडून घेणारे असतात, शुक्रवारी लवकर सुटणारे असतात. बुधवारी माणूस कामाला जुंपलेला असतो. चौतीस वर्षं मी हेच बघितलंय.

८.४० घर. ९.५० फाटक. दर पस्तीस मिनिटांनी विश्रांती. स्वच्छतागृहं नकाशावर लाल पेनाने दाखवली आहेत. जाता-येता पेटी गाडीच्या विजेवर, पार्कमध्ये बॅटऱ्या दोन, एक अडीच तास चालते. पहिली वापरायची, दुसरी राखीव. डेपोत आम्ही रोज एक गाडी राखीव ठेवायचो, धुऊनपुसून, डिझेल भरून. ती दिवसभर जागची हलली नाही की समजायचं, आज वेळापत्रक बरोबर होतं.

हिला कागद दाखवला. चष्मा लावून सगळा वाचला. "मला बसच करून टाकलंत की," म्हणाली. मग विचारलं, "आणि बोट?"

"अकरा वाजता. बारा मिनिटांची फेरी आहे."

"बारा मिनिटं," ही म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "अजून तसाच अंधार असतो का हो आत? की आता बदललंय?"

मी म्हटलं, चौकशी करतो. जेवण झाल्यावर पुन्हा तेच. "तुम्ही चौकशी करणार होता ना, अंधाराची?"

म्हणजे हिला भीती वाटते आहे. उघड बोलणार नाही, पण इतक्या वर्षांत मला एवढं कळतं. धाप लागलेल्या माणसाला अंधारात कोंडल्यासारखं होतंच. मी टॉर्च यादीत घातली.

१४ मार्च, गुरुवार

सकाळी ८९.

पार्कच्या मदत कक्षाचा अर्ज भरून पाठवला. चार पानी. चाकाची खुर्ची हवी का, खुर्चीतून उठून दोन पावलं टाकता येतात का, सोबत कोणतं यंत्र आहे. अर्ज तयार करणाऱ्याने डोकं वापरलंय, मला आवडला. तिसऱ्या पानावर होतं: अंधार, मोठा आवाज, अरुंद जागा, यांपैकी कशाचा त्रास होतो? मी अंधारासमोर खूण केली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'फार भीती वाटते, पण बोलून दाखवत नाहीत.'

दुपारी कक्षातल्या मुलीचा फोन आला. फार गोड बोलली. म्हणाली, "काका, काळजीच करू नका. अकरा वाजता आम्ही काकूंसाठी एक खास फेरी सोडतो. बोगद्यातले सगळे दिवे चालू ठेवून. बोटीत दुसरं कोणी नसेल, फक्त तुम्ही आणि आमचा माणूस."

मला खरंच भरून आलं. काही मागावं आणि मागितल्यापेक्षा जास्त मिळावं, असं माझ्या नोकरीत कधी झालं नाही. हिला सांगितलेलं नाही. ऐन वेळी बघू दे.

रात्री लवकर झोप लागते हल्ली हिला, म्हणून संध्याकाळीच दोघं अंगणात बसलो. पार्कबद्दल बोलताना गालांवर रंग आला होता. असा रंग आकड्यांत दिसत नाही.

१९ मार्च, मंगळवार

सकाळी ८८. पिशव्या तीन. सगळं भरून दाराशी ठेवलं आहे. लेकीचा फोन आला होता. ती आठ तासांच्या अंतरावर राहते, तरी मायलेकींचं रोज तासभर चालतं. आज दोघी फोनवर कुजबुजत होत्या. मी खोलीत गेलो तर ही एकदम गप्प झाली, सोळा वर्षांच्या मुलीसारखी. मी म्हटलं, चालू द्या.

२० मार्च, बुधवार

सकाळी ८८. परत आल्यावर ८१, अर्ध्या तासाने ८५.

दमलो आहे, पण आजच लिहून ठेवतो.

सकाळी ही माझ्या आधी तयार. ठेवणीतले निळे कपडे, केस नीट बांधलेले. हातांना लेकीने पाठवलेलं वासाचं क्रीम चोळत बसली होती. मी नळीचं माहितीपत्रक पाठ केलेलं आहे. ऑक्सिजनजवळ तेलकट काही नको, पेट घेण्याचा धोका. हात धुवायला लावले. "एवढंसं तर लावलंय, हातांनाच," म्हणाली. पण धुतले. साबणाने दोनदा.

फाटकावर पोचलो आणि माझा बुधवार पाण्यात गेला. शाळांच्या बसेस. मी मोजल्या, अकरा. सहल नावाचा प्रकार मी हिशेबातच धरला नव्हता. सगळीकडे टोप्या घातलेली पोरं, शिट्ट्या, आणि घसा बसलेल्या शिक्षिका. खुर्चीची चाकं पोरांच्या बुटांवरून जाऊ नयेत म्हणून मी एकसारखा "बाजू, बाजू" ओरडत होतो. ही हसत होती. एका चिमुरडीने नळीकडे बोट दाखवून विचारलं, "तुम्ही पाणबुड्या आहात का?" ही म्हणाली, "हो, आज सुट्टीवर आहे." पोरगी खूश होऊन सगळ्या वर्गाला सांगत सुटली.

पुलावरची लिफ्ट बंद. कागद चिकटवलेला, तोही उलटा. उताराने वळसा घालून जावं लागलं, बावीस मिनिटं गेली, विश्रांतीची एक वेळ कापावी लागली. बोटीच्या इथे साध्या रांगेचा फलक सत्तर मिनिटं दाखवत होता. आम्हाला बाजूच्या फाटकातून आत घेतलं, तर रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, "आम्ही काय मूर्ख म्हणून उभे आहोत?" मला राग आला. हिने खुर्ची थांबवायला लावली आणि तिला म्हणाली, "ये ना, तू बस खुर्चीत. मी उभी राहते तुझ्या जागी, किती दिवस झाले उभी राहिले नाही." बाई खाली बघायला लागली. ही अशी आहे. ऑक्सिजन कमी असतो, जीभ पूर्ण दाबाने चालते.

धक्क्यावर पांढऱ्या मिशांचा एक गृहस्थ होता, बोटीवरचा जुना माणूस. बोट चार ओळींची, ओळीत दोन जागा. त्याने हिला हाताला धरून दुसऱ्या ओळीत अलगद बसवलं आणि मला म्हणाला, "काका, बसा काकूंच्या शेजारी. मी मागे बसतो."

हिने बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली होती.

मी विचार केला, आत काही झालं तर मला काय कळणार? बोट थांबवायचं बटण कुठे, बाहेर निघायचं दार कुठे, हे त्याला माहीत. मी म्हटलं, "नाही, तुम्हीच बसा तिच्याजवळ. तुम्ही जाणकार. मी मागे पेटी धरून बसतो." तो हिच्याकडे बघत थांबला होता. ही म्हणाली, "बसा हो. ते ऐकायचे नाहीत."

बोट आत गेली आणि काय लखलखाट! दुकानात असतात तसे पांढरे दिवे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे काही लपलेलं नाही. डोंगर प्लायवूडचे, मागून खिळे दिसत होते. तारा, पाइप, एका गुहेत बादली आणि खराटा. राक्षसाच्या पायाशी कोणाचा तरी जेवणाचा डबा. आकाशातले तारे म्हणजे छताला मारलेली भोकं, दिवसाढवळ्या चांदणं कसलं दिसणार. मिशाळ गृहस्थ बिचारा ओशाळून सांगत होता, "काकू, खरं तर अंधारात हे फार छान दिसतं."

हिने एकदा मान वळवली. "तुम्ही आहात ना मागे?"

"आहे, आहे," मी म्हटलं.

मग ही हसायला लागली. त्या डब्याकडे बघून बहुतेक. खांदे हलत होते, आवाज नव्हता. किती तरी वेळ. बाहेर आल्यावर रुमालाने डोळे पुसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ही कधी हसली होती, मला आठवत नाही. पूर्ण योजनेचं सार्थक झालं असं वाटलं.

बाकावर बसल्यावर तिने विचारलं, "दिवे का चालू होते हो?"

मी सगळं सांगितलं. अर्ज, तिसरं पान, फोन. सांगताना जरा फुशारलोच. ती ऐकत राहिली. "हो का," म्हणाली. मग म्हणाली, "किती करता तुम्ही माझ्यासाठी." आणि समोरून जाणाऱ्या पोरांकडे बघत बसली.

थोड्या वेळाने: "अहो, परत एकदा जाऊ या? साध्या रांगेतून. सगळे जातात तसं."

सत्तर मिनिटं. पहिल्या बॅटरीत तास-सव्वा तास उरला होता, म्हणजे राखीव बॅटरीला हात लावावा लागला असता. राखीव गाडी रस्त्यावर काढली की ती राखीव राहत नाही. शिवाय साध्या फेरीत अंधार. हे सगळं मी हिला समजावून सांगितलं.

"राहू दे," म्हणाली. "तुमचं बरोबर आहे. घरी जाऊ."

योजनेत अजून तीन ठिकाणं होती, पण हिचा चेहरा उतरला होता. दमली असणार. दीड वाजता घरी आलो. राखीव बॅटरी जशीच्या तशी, शंभर टक्के भरलेली परत आली.

२१ मार्च, गुरुवार

सकाळी ८६. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. लेकीचा फोन आला तर "नंतर बोलते" म्हणाली. दगदग बाधली.

२५ मार्च, सोमवार

८५. संध्याकाळी ८२. जेवली नाही. काय हवं विचारलं तर म्हणाली, "काही नको, बसा तुम्ही." बसलो, समोरच्या खुर्चीवर. मग पेटीची जाळी साफ करायची आठवण झाली म्हणून उठलो.

२९ मार्च, शुक्रवार

७६. रुग्णवाहिका बोलावली.

२ एप्रिल, मंगळवार

आकडे आता सिस्टर लिहितात, पलंगाच्या पायथ्याशी फळीला लावलेल्या कागदावर. मला वहीत लिहायचं कारण उरलेलं नाही, तरी ती घेऊन येतो. लेक आणि जावई आलेत. लेक आईजवळ बसते, जावई चहा आणतो, मी खिडकीशी उभा राहतो. मला इथे काही काम नाही. कामाशिवाय उभं राहायची सवय नाही.

हिला माझ्यामुळे हे झालं का, हा विचार जात नाही. ती गर्दी, तो पुलाचा वळसा. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही. हे होणारच होतं. म्हणून तर लवकर जा म्हटलं होतं."

मी मान हलवली. बाहेर येऊन जिन्यात बसलो. गर्दीचा हंगाम, म्हणे. पन्नास वेळा तो शब्द मनात म्हटला.

६ एप्रिल, शनिवार

दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला खोलीत बोलावलं. ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या, म्हणाल्या. मी विचारलं, किती दिवस धरायचे? त्या म्हणाल्या, "दिवस धरू नका."

बाहेर बोळात लेक उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही. दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो. ती म्हणाली, "बाबा, बोटीत काय झालं त्या दिवशी? आई काही सांगतच नाही. मी विचारलं की विषय बदलते."

मी सांगितलं. खास फेरी, दिवे, हिचं हसणं.

लेकीने डोळे मिटून घेतले. "दिवे तुम्ही चालू ठेवायला लावलेत?"

"तिला अंधाराची भीती वाटत होती. तीनतीनदा विचारत होती."

"भीती नव्हती हो बाबा. तिला अंधारच हवा होता. मला म्हणाली होती, उजेडात तुझे बाबा हात धरू द्यायचे नाहीत. तिथे बारा मिनिटं कोणाला दिसत नाही, तिथे धरतील. महिनाभर तेच चाललं होतं तिचं. क्रीमसुद्धा त्यासाठीच मागवलं होतं, हात खरखरीत झालेत म्हणून."

ती हसत नव्हती बोटीत. मी तिच्या मागे हातभर अंतरावर बसलो होतो आणि ती रडत होती, आणि मी योजनेचं सार्थक झालं म्हणून वहीत लिहिलं. माझ्याइतका गाढव माणूस मी पाहिलेला नाही. बेचाळीस वर्षं एका शिट्टीला घाबरलो. तो शिट्टी मारणारा मरूनसुद्धा दहा वर्षं झाली.

खोलीत गेलो. भेटीची वेळ चारची, त्यामुळे माणसं होती. मेहुणी, साडू, शेजारच्या बाई, सलाइन बदलणाऱ्या सिस्टर. पडदे सरकवलेले, ऊन थेट पलंगावर. साडू मला बघून खुर्ची देऊ लागले. मी पलंगाच्या कडेवर बसलो आणि हिचा हात हातात घेतला.

कसा धरायचा तेही नीट कळेना. मनगटाजवळ धरला. हात सुजला होता आणि गार होता.

हिचे डोळे मिटलेले होते. मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाली, "सिस्टर, नाडी मिळत नाहीये का?"

मी म्हटलं, "सिस्टर नाही. मी आहे."

हिने डोळे उघडले. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग हाताकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि मला दिसलं की ती घाबरली. एवढ्या आजारात पहिल्यांदा.

"डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला?" तिने विचारलं.

"काही नाही. काही म्हणाल्या नाहीत."

तिला ते खरं वाटलं नाही, पण हात तिने काढून घेतला नाही. थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाली, "अहो, सगळे बघतायत." मी हात तसाच धरून ठेवला. मेहुणी पदराने डोळे पुसत उठली, "आम्ही बाहेर बसतो जरा" म्हणाली, आणि बाकीचेही तिच्या मागे उठू लागले. मी त्यांना म्हटलं, कशाला, बसा की इथेच.